भयपटांचे प्रीक्वेल मूळ चित्रपटाच्या तोडीचे ठरतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या उत्तरांत बऱ्याच चित्रपटांचे शेवट उघड केले आहेत. 'द एक्झॉर्सिस्ट', 'द थिंग', 'द ओमेन', 'रोझमेरीज बेबी', 'एलियन' आणि 'रिंगू' हे मूळ चित्रपट पाहिले नसतील, तर आधी ते पाहा आणि मग इकडे वळा.

एका वाक्यात सांगा: तोडीचे ठरतात का?

मूळ चित्रपट खरोखर अभिजात असेल, तर जवळजवळ कधीच नाही. २०२४चा 'द फर्स्ट ओमेन' सगळ्यांत जवळ जाऊन पोचतो. मूळ चित्रपट साधारण असेल तर मात्र प्रीक्वेलने त्याला मागे टाकल्याची उदाहरणं आहेत.

फरक कुठे पडतो ते आधीच सांगून टाकू, कारण पुढची सगळी उत्तरं त्याच खुंटीला टांगलेली आहेत. काही प्रीक्वेल मूळ भीतीचं कारण सांगायला निघतात. काही प्रीक्वेल मूळ चित्रपटाने ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, अशा माणसामागे जातात. पहिल्या जातीचे बहुधा बुडतात. दुसऱ्या जातीचे निदान तगतात, कधी कधी गाजतातही.

प्रीक्वेल नेमकं कशाला म्हणायचं?

मूळ चित्रपटानंतर बनलेला, पण त्याच्या आधीचा काळ दाखवणारा चित्रपट. रिमेक वेगळा, त्यात तीच गोष्ट नव्याने सांगतात. 'द थिंग' या नावाने गोंधळ होतो, कारण १९८२चा आणि २०११चा अशा दोन्ही चित्रपटांचं नाव तेच आहे. पण २०११चा चित्रपट रिमेक नाही, प्रीक्वेल आहे. 'एलियन: रोम्युलस' (२०२४) हा प्रीक्वेल नव्हे. त्याची गोष्ट २१४२ सालात घडते, म्हणजे 'एलियन' (२१२२) आणि 'एलियन्स' (२१७९) यांच्या मधे.

शेवट आधीच ठाऊक असताना भीती वाटणार कशी?

शेवट ठाऊक असतो तो एखाद-दुसऱ्या माणसाचा, सगळ्यांचा नाही. भूत उतरवणारा पाद्री फादर मेरिन प्रीक्वेलमध्ये तरणार हे 'द एक्झॉर्सिस्ट' पाहिलेल्याला माहीत असतं, म्हणून मेरिनच्या जिवाला धोका आहे असं भासवणारा प्रत्येक प्रसंग फुकट जातो. त्याच्या श्रद्धेचं काय होणार, हे मात्र माहीत नसतं. ताण तिथे लावायचा असतो.

दुसरी वाट उलटी आहे. पात्र मरणारच हे ठाऊक असेल, तर लेखकाने भीतीऐवजी हळहळ मिळवायची. मग प्रेक्षक 'पुढे काय होईल' या प्रश्नाऐवजी 'अजून तरी माघारी फिर' असं मनात म्हणत बसतो. ही वाट अवघड आहे, कारण तिच्यात दचकवण्याच्या युक्त्या चालत नाहीत.

स्पष्टीकरणाने एवढं काय बिघडतं?

'एलियन' (१९७९) आठवा. परक्या जहाजात खुर्चीला चिकटलेला एक अवाढव्य सांगाडा दिसतो. त्याच्या फासळ्या आतून बाहेर फुटलेल्या असतात आणि तो जणू खुर्चीतूनच उगवलाय, अश्मीभूत झालाय, असं पात्रं म्हणतात. तो कोण, कुठला, कधीचा, याबद्दल चकार शब्द नाही. सेट आणखी प्रचंड दिसावा म्हणून दिग्दर्शक रिडली स्कॉटने लांबच्या दृश्यांत लहान मुलांना छोटे अंतराळवेश घालून उभं केलं होतं. एवढी खटपट त्या न समजणाऱ्या आकारासाठी होती.

'प्रोमिथिअस' (२०१२) त्याच स्कॉटचा. त्यात कळतं की तो सांगाडा म्हणजे एक पोशाख होता आणि आत माणसासारखाच दिसणारा, गोरापान, उंच जीव होता. माहिती वाढली आणि सांगाडा लहान झाला. बरं, दोन्ही चित्रपटांतले उपग्रहसुद्धा वेगळे आहेत: जुन्यातला एलव्ही-४२६, नव्यातला एलव्ही-२२३. म्हणजे ज्या सांगाड्याचं कुतूहल होतं, त्याची गोष्ट सांगितलीच गेली नाही. गूढही गेलं आणि उत्तरही मिळालं नाही.

मूळ चित्रपटातल्या एखाद्या वाक्यावर अख्खा प्रीक्वेल उभा राहतो का?

राहतो, पण 'द एक्झॉर्सिस्ट'च्या बाबतीत काय झालं ते पाहा. १९७३च्या चित्रपटात मेरिनबद्दल एवढंच बोललं जातं की दहा-बारा वर्षांपूर्वी आफ्रिकेत त्याने एकाचं भूत उतरवलं होतं, ते काही महिने चाललं आणि त्यात तो मरता मरता वाचला. या दोन ओळींवर आजवर तीनदा बांधकाम झालंय. १९७७च्या 'द हेरेटिक' या सीक्वेलमध्ये ते पूर्वदृश्य म्हणून आलं. मग २००४चा 'एक्झॉर्सिस्ट: द बिगिनिंग' आणि २००५चा 'डोमिनियन'. तिन्हींची हकिगत एकमेकींशी जुळत नाही.

शेवटच्या दोघांची जन्मकथा अशी. जॉन फ्रँकनहायमर दिग्दर्शक ठरले होते. प्रकृतीमुळे ते बाजूला झाले आणि २००२ मध्ये वारले. पॉल श्रेडरने चित्रपट पुरा केला. निर्मात्यांना तो पुरेसा भीतिदायक वाटला नाही, म्हणून त्यांनी तो गुंडाळून ठेवला आणि रेनी हार्लिनकडून जवळजवळ सगळा नव्याने चित्रित करून घेतला. नायक तोच, स्टेलन स्कार्सगार्ड. छायाचित्रकारही तेच, व्हित्तोरिओ स्तोरारो. हार्लिनचा चित्रपट आपटला, तेव्हा पुढच्या वर्षी श्रेडरचा बाहेर काढला. एकाच गोष्टीची, एकाच नायकाची दोन पूर्ण रूपं शेजारी ठेवून पाहायला मिळणं हा अभ्यासकांना लागलेला मटकाच.

तुलना करायची तर एकच प्रसंग धरा. युद्धकाळात नाझी अधिकारी मेरिनला गावकऱ्यांमधून दहा जण गोळ्या घालण्यासाठी निवडायला लावतो. श्रेडर हा प्रसंग सुरुवातीलाच सलग दाखवतो, त्यामुळे पुढचा सारा चित्रपट त्या अपराधाच्या सावलीत चालतो. हार्लिन तोच प्रसंग तुकड्या-तुकड्यांनी मधे पेरतो, जणू ते एखादं रहस्य आहे, आणि रिकाम्या जागी रक्त, किडे आणि संगणकावर केलेले तरस भरतो. श्रेडरचा चित्रपट चांगला आहे असा दावा नाही. तो संथ आहे आणि त्याची दृश्यजुळणी गरिबीची आहे. पण त्याला स्वतःचा एक प्रश्न आहे.

आता हिशेब. दोन्ही प्रीक्वेल १९४०च्या दशकाच्या शेवटी घडतात. मूळ चित्रपट १९७३चा. म्हणजे 'दहा-बारा वर्षांपूर्वी'ची झाली पंचवीस. आणि महिनोन्‌महिने चाललेला तो झगडा पडद्यावर एका रात्रीत आटोपतो. आणखी एक गंमत: १९७३ मध्ये मेरिन करणारा मॅक्स व्हॉन सिडो पंचेचाळिशीही न गाठलेला होता आणि डिक स्मिथच्या रंगभूषेने तो सत्तरीचा दिसला. तरुण मेरिन करताना स्कार्सगार्ड पन्नाशी ओलांडलेला. तरुणपण करणारा नट म्हातारपण करणाऱ्या नटापेक्षा वयाने मोठा!

'द थिंग'च्या प्रीक्वेलने तर सगळे धागे जुळवले होते. मग तो का फसला?

जुळवले, हे खरं. १९८२च्या चित्रपटात अमेरिकी तुकडी जळालेल्या नॉर्वेजियन तळावर जाते तेव्हा दिसतं ते असं: दारात रुतलेली कुऱ्हाड, खुर्चीत गोठलेला, गळा आणि मनगटं कापलेला माणूस, आतून पोकळ झालेली बर्फाची लादी, आणि बाहेर अर्धवट जळालेलं, दोन चेहरे एकमेकांत वितळलेलं कलेवर. २०११चा चित्रपट या एकेका वस्तूपर्यंत पोचतो. कुऱ्हाड दारात का राहिली, याचंही उत्तर देतो. आणि अडचण हीच आहे: कुऱ्हाडीला उत्तराची गरजच नव्हती. मूळ चित्रपटात ती 'इथे काहीतरी भयंकर घडलं' एवढंच सांगायला होती. प्रेक्षकाने मनातल्या मनात रचलेली रात्र पटकथेपेक्षा केव्हाही वाईट असते.

दुसरं कारण तांत्रिक आहे. मूळ चित्रपटातल्या, माणसाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या परग्रहवासी जीवाची रूपांतरं रॉब बॉटिनने रबर, लेटेक्स, तारा आणि चिकट द्रवांनी केली. काम सुरू केलं तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. प्रीक्वेलसाठीही अ‍ॅलेक गिलिस आणि टॉम वुड्रफ यांच्या कार्यशाळेने खऱ्याखुऱ्या यांत्रिक बाहुल्या आणि मुखवटे बनवले, त्यांच्यावर चित्रीकरणही झालं. नंतर त्यातल्या बहुतेकांवर संगणकीय चित्रांचा थर चढवला गेला. फरक डोळ्याला लगेच कळतो. खरी बाहुली खोलीतल्या दिव्याच्या उजेडात चमकते, तिचा ओघळ जमिनीवर पडतो, समोरचा नट तिच्याकडे बघून खरोखर मागे सरतो. संगणकातला प्राणी पटकन हलतो आणि त्याला वजन नसतं.

जमलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. मूळ चित्रपटातली तापलेल्या तारेची रक्तचाचणी प्रसिद्ध आहे. तीच पुन्हा करण्याचा मोह टाळून प्रीक्वेलने नवी चाचणी काढली: हा जीव निर्जीव पदार्थांची नक्कल करू शकत नाही, म्हणून प्रत्येकाचं तोंड उघडून दातांतलं सिमेंट-चांदी तपासायची. पण ज्याचे दात मुळातच चांगले आहेत तोही संशयित ठरतो! अख्ख्या चित्रपटातली सर्वांत भक्कम कल्पना ही, कारण ती कुठल्याही जुन्या धाग्याला बांधलेली नाही.

पण 'द थिंग' स्वतःही तेव्हा पडला होता ना?

हो. २५ जून १९८२ रोजी, 'ब्लेड रनर'च्याच दिवशी तो लागला, 'ई.टी.'नंतर दोन आठवड्यांनी. गोड परग्रहवासी लोकांच्या मनात भरलेला असताना हा किळसवाणा कोणाला रुचणार? त्याची थोरवी पुढे व्हिडिओ कॅसेटच्या काळात मान्य झाली. तेव्हा पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यावरून निकाल देऊ नये. मात्र २०११च्या चित्रपटाला बराच काळ लोटूनही तसा पुनर्जन्म लाभलेला नाही.

'द फर्स्ट ओमेन' इतका वाखाणला जातो, त्यात वेगळं काय आहे?

दिग्दर्शक अर्काशा स्टीव्हन्सन, काळ १९७१, ठिकाण रोम. नायिका मार्गारेट (नेल टायगर फ्री) नन होण्यासाठी अनाथाश्रमात आलेली. १९७६च्या 'द ओमेन'मध्ये सैतानाचा मुलगा डेमियन याचा जन्म ६ जून, पहाटे सहा वाजताचा, आणि त्याच्या आईच्या नावाने पुरलेल्या थडग्यात सापडतो कोल्ह्याचा सांगाडा. त्या चित्रपटाला आई म्हणून कोणी बाई असेल याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. प्रीक्वेल नेमका त्या रिकाम्या जागेत शिरतो. सैतान कोण, हा प्रश्न तो बाजूला ठेवतो आणि विचारतो की मूल जन्माला घालण्यासाठी कोणाचं शरीर वापरलं, कोणी आणि कशासाठी. लोकांचा विश्वास उडू लागला म्हणून चर्चमधल्याच एका गटाने भीती निर्माण करायची, हे कारण मूळ चित्रपटाला धक्का न लावता त्याच्याखाली सरकवलंय.

प्रसूतीच्या एका दृश्यामुळे अमेरिकेत त्याला सुरुवातीला सर्वांत कडक प्रमाणपत्र मिळत होतं. सेन्सॉरशी बरीच ओढाताण झाल्यावर ते टळलं. पण भीती त्या एका दृश्यावर अवलंबून नाही. संथ, दाणेदार, सत्तरीच्या दशकाची वाटणारी छायाचित्रण-शैली, अंधारात उशिरा दिसणारे चेहरे आणि एका रस्त्यावर नायिकेचा झटका येऊन तडफडण्याचा दीर्घ प्रसंग, यांनी काम केलंय.

कमजोरी जिथे आहे तिथे जुन्याची उजळणी आहे. मूळ चित्रपटात वाढदिवसाच्या समारंभात दाई गळफास घेते, इथेही तसंच एक गळफासाचं दृश्य येतं, वर आग. शेवटी मूळ चित्रपटाचा नायक ग्रेगरी पेक याचा फोटो दाखवून 'डेमियन' हे नाव उच्चारलं जातं. टाळ्या वाजवायची जागा म्हणून ठीक, पण त्याने चित्रपट स्वतःच्या उंचीवरून उतरून पुरवणी होतो.

'अपार्टमेंट ७ए' त्याच वर्षीचा, तोही बाईच्या बाजूने सांगितलेला. तो का नाही लक्षात राहत?

निवड उत्तम होती. 'रोझमेरीज बेबी'मध्ये (१९६८) रोझमेरीला तळघरातल्या लाँड्रीत भेटणारी टेरी लगेचच इमारतीवरून पडून मेलेली सापडते. दुर्लक्षित पात्र, ठाऊक असलेला अंत. पण टेरीच्या वाट्याला जे येतं ते रोझमेरीचंच: तेच शेजारी, तोच ताईत, तीच गर्भधारणा. ज्युलिया गार्नर जीव ओतते, पण आपण मूळ चित्रपटाची फिकट प्रत पाहत राहतो. पात्र नवं घेतलं, संकट जुनंच ठेवलं.

मूळ चित्रपट साधारण असेल तर काय होतं?

तिथे प्रीक्वेलचा फायदा. 'वीजा' (२०१४) विसरण्याजोगा. त्याचा प्रीक्वेल 'वीजा: ओरिजिन ऑफ ईव्हिल' (२०१६) माइक फ्लॅनागनने केला आणि गोष्ट १९६७च्या लॉस एंजेलिसमध्ये नेली: खोटी भविष्यं सांगून पोट भरणारी विधवा आई आणि तिच्या दोन मुली. युनिव्हर्सलचं जुनं बोधचिन्ह, झूम, रीळ बदलण्याची खूण म्हणून कोपऱ्यात उमटणारे ठिपके, असा साज चढवला. 'अ‍ॅनाबेल: क्रिएशन' (२०१७) तर प्रीक्वेलचाही प्रीक्वेल. २०१४च्या 'अ‍ॅनाबेल'पेक्षा तो सरस ठरला. दोन्हींत लुलू विल्सन ही बालकलाकार आहे आणि दोन्हीकडे ती चित्रपट खांद्यावर घेते.

नट तोच ठेवायचा असेल तर वयाचं काय करतात?

'ऑर्फन' (२००९) प्रदर्शित झाला तेव्हा इझाबेल फुरमन बारा वर्षांची होती. 'ऑर्फन: फर्स्ट किल'चं (२०२२) चित्रीकरण झालं तेव्हा ती तेवीस. तिला पुन्हा लहान दाखवण्यासाठी संगणकाने चेहरा बदलला नाही. पाठमोऱ्या आणि दूरच्या दृश्यांना लहान मुली उभ्या केल्या, इतर नटांना उंच टाचांचे जोडे दिले, कॅमेरा आणि अंतराची मांडणी अशी केली की ती ठेंगणी भासावी. मधेच कुठे प्रमाण चुकलेलं दिसतं. पण चित्रपट अर्ध्यावर अशी काही कलाटणी घेतो की ते विसरायला होतं.

सगळ्यांत हुशार तोडगा दिग्दर्शक टाय वेस्टचा. 'एक्स'च्या (२०२२) निमित्ताने न्यूझीलंडमध्ये असतानाच त्याची नायिका मिया गॉथसोबत 'पर्ल'ची पटकथा लिहून झाली आणि लगेच त्याच घरात, त्याच सेटवर प्रीक्वेल उरकला. 'एक्स' १९७९चा, मळकट आणि घामट. 'पर्ल' १९१८चा, साथीच्या काळातला, पण जुन्या रंगीत संगीतपटासारखा झगमगीत. गॉथचा हाच चेहरा आधी 'एक्स'मध्ये म्हातारीच्या जाड रंगभूषेखाली पाहिला होता, हे ध्यानात आलं की शेवटचं ते न संपणारं हसू बघवत नाही.

जपानी चित्रपटांत चांगलं उदाहरण आहे का?

'रिंग ०: बर्थडे' (२०००). 'रिंगू'मधली (१९९८) सादाको म्हणजे केसांआड लपलेला चेहरा आणि विचित्र चाल. नटीला उलटं चालायला लावून ती फीत उलटी फिरवली होती. प्रीक्वेलमध्ये ती नाटक मंडळीतली लाजरीबुजरी मुलगी आहे, युकिए नाकामाने साकारलेली. तिची कीव येते. भयपट म्हणून चित्रपट पातळ होतो, शोकांतिका म्हणून चांगला वठतो.

मालिकेला जास्त वाव असतो का?

असतो. 'बेट्स मोटेल' (२०१३ ते २०१७, पाच पर्व) 'सायको'तल्या आई-मुलाला आजच्या काळात आणते, मोबाइलसकट. शेवटच्या पर्वात कथा मूळ चित्रपटाच्या जागी पोचते, तेव्हा शॉवरखाली भलताच बळी जातो. माहीत असलेल्या शेवटाशी असा खेळ करायला पाच वर्षांची तयारी लागते.

मराठीत याचं ठळक उदाहरण झी मराठीवरचं आहे. 'रात्रीस खेळ चाले'चा पहिला भाग (२०१६) अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू होतो. २०१९ मध्ये आलेला दुसरा भाग हा प्रीक्वेल: माधव अभ्यंकरांचे जिवंत अण्णा, अपूर्वा नेमळेकरची शेवंता आणि सिंधुदुर्गातल्या आकेरीचा तोच वाडा. भुताची भीती त्यात कमी, माणसाची जास्त. लोकांच्या तोंडी अण्णा आणि शेवंता बसले ते याच भागामुळे.

आधी काय पाहू, प्रीक्वेल की मूळ?

मूळ, नेहमी. अपवाद फक्त 'वीजा'चा. तिथे प्रीक्वेल पाहा आणि मूळ सोडून द्या.

स्वतः प्रीक्वेल लिहायचा असेल तर सुरुवात कुठून करू?

मूळ चित्रपट थांबवत थांबवत पाहा आणि भूतकाळाचा उल्लेख जिथे जिथे येतो तो कागदावर तीन रकान्यांत लिहा. पहिल्यात दाखवलेलं, जसं की दारातली कुऱ्हाड. ते बदलता येत नाही. दुसऱ्यात कोणीतरी तोंडाने सांगितलेलं, जसं की मेरिनचं आफ्रिका प्रकरण. पात्रं चुकतात, ऐकीव बोलतात, खोटंही बोलतात, त्यामुळे इथे हात-पाय पसरायला जागा आहे. पण वर्षांचा हिशेब आधी मांडा. तिसऱ्यात नुसतं सुचवलेलं, जसा तो खुर्चीतला सांगाडा. त्याला हात लावू नका.

मग मूळ चित्रपटात ज्या माणसाला पाच मिनिटांहून कमी वेळ मिळालाय, किंवा जो मुळीच दिसत नाही, असा एक जण निवडा. त्याच्यापुढचं संकट मूळ नायकाच्या संकटाहून वेगळं आहे का ते तपासा. नसेल तर दुसरा माणूस शोधा.

शेवट मूळ चित्रपटाच्या पहिल्या दृश्याला आणून चिकटवायचा मोह होतो. २०११च्या 'द थिंग'ने कुत्र्याचा तो हेलिकॉप्टरमधून पाठलाग श्रेयनामावलीत तुकड्या-तुकड्यांनी घातला. गोष्ट आधीच संपलेली असते, आणि ज्याला उठून जायचं असेल तो जाऊ शकतो.